सहा ठोके आणि एक दिवस

'रेडिओ टाइम्स' हे साप्ताहिक २८ सप्टेंबर १९२३ रोजी निघाले. येत्या आठवड्यात नभोवाणीवर कोणत्या दिवशी, किती वाजता, काय ऐकू येईल हे सांगणे एवढेच त्याचे मुख्य काम. तेवढ्यासाठी १९५५ च्या सुमारास त्याच्या दर आठवड्याला ऐंशी लाखांहून अधिक प्रती खपत होत्या. बीबीसीचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने सनदा आणि अहवाल उघडण्याआधी हे अंक चाळावेत, असे मला मनापासून वाटते. या संस्थेने शंभर वर्षांत पुष्कळ काही उभारले, पण तिची सर्वांत मोठी निर्मिती म्हणजे तिने रचलेला दिवस. गृहिणी, कामगार, शाळकरी मूल, शेतकरी, खलाशी, अंथरुणाला खिळलेला म्हातारा, या सगळ्यांना पोटात घेणारा आणि एकाच घड्याळावर चालणारा दिवस. म्हणून १९५१ मधला कामाचा एक दिवस समोर ठेवून या संस्थेची हकीकत सांगतो.

आधी थोडे मागे जाऊ. रेडिओसंच बनवणाऱ्या कंपन्यांना संच खपवायचे होते, आणि संच खपायचे तर त्यांवर काहीतरी ऐकू यायला हवे होते. या साध्या व्यापारी गरजेतून १८ ऑक्टोबर १९२२ रोजी 'ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी' जन्मली. १४ नोव्हेंबरला लंडनच्या स्ट्रँड रस्त्यावरील मार्कोनी हाउसमधून तिचे रोजचे प्रसारण सुरू झाले. डिसेंबरात जॉन रीथ हे तेहतीस वर्षांचे स्कॉटिश अभियंते सरव्यवस्थापक म्हणून नेमले गेले. ते धर्मोपदेशकाचे चिरंजीव, उंच, करारी. पहिल्या महायुद्धात गालाला लागलेल्या गोळीची खूण चेहऱ्यावर वागवणारे. नभोवाणी म्हणजे काय हे नेमणूक होईपर्यंत त्यांना नीटसे ठाऊकही नव्हते. पण माहिती, शिक्षण आणि करमणूक या तीन गोष्टी देशातल्या प्रत्येक घरात पोचवायच्या, आणि त्याही उत्तमातल्या उत्तम, हा ध्यास त्यांनी घेतला आणि सोळा वर्षे सोडला नाही.

१ जानेवारी १९२७ रोजी राजसनदेने कंपनीची सार्वजनिक संस्था झाली आणि रीथ तिचे पहिले महासंचालक झाले. खर्चाची सोय साधी होती. ज्याच्या घरी संच, त्याने वर्षाला दहा शिलिंगांचा परवाना घ्यायचा. जाहिरात नाही, आणि सरकारी खात्याचा शिक्काही नाही. या स्वातंत्र्याची परीक्षा सनद मिळण्याआधीच, मे १९२६ च्या सार्वत्रिक संपात होऊन गेली होती. वर्तमानपत्रे बंद पडली आणि सगळा देश बातम्यांसाठी नभोवाणीकडे कान लावून बसला. मंत्रिमंडळातल्या चर्चिल यांना ही नभोवाणी सरकारने ताब्यात घ्यावी असे वाटत होते. रीथ यांनी तसे होऊ दिले नाही. मात्र त्याच संपात विरोधी पक्षनेते रॅम्से मॅकडोनल्ड यांना बोलू दिले गेले नाही, आणि कँटरबरीच्या आर्चबिशपांचे समेटाचे आवाहनही वेळेवर प्रसारित झाले नाही. संस्थेचा गौरव करताना हा डाग झाकू नये. पुढच्या पिढ्यांतल्या निवेदकांना आणि संपादकांना जी काटेकोर निःपक्षपाती वृत्ती शिकवली गेली, तिच्या मुळाशी या आठवणीची बोचही असणार.

रीथ यांच्या काळातला नभोवाणीचा दिवस मात्र आपल्याला ओळखूही येणार नाही. ठरलेल्या वेळी ठरलेला कार्यक्रम ही गोष्टच त्यांना फारशी रुचत नसे. संच लावून ठेवायचा आणि कामे करत राहायचे, अशा ऐकण्याला ते ऐकणे मानीत नसत. श्रोत्याने निवड करावी, बसावे, ऐकावे आणि संच बंद करावा. म्हणून दोन कार्यक्रमांच्या मध्ये मुद्दाम शांतता सोडली जाई, कधी नुसती घड्याळाची टिकटिक ऐकवली जाई. बीथोव्हेनच्या पाठोपाठ मधमाश्यांवर भाषण, त्यानंतर नृत्यसंगीत, अशी मिसळ असे. संध्याकाळचे निवेदक भोजनसमारंभाचा काळा पोशाख चढवून ध्वनिक्षेपकासमोर बसत. त्यांना पाहणारे कोणी नव्हते, आणि त्यांची नावेही श्रोत्यांना कळत नसत. रविवारी हलकीफुलकी करमणूक वर्ज्य होती. त्याचा परिणाम असा की रविवारी लक्षावधी ब्रिटिश श्रोते खाडीपलीकडच्या रेडिओ नॉर्मंडी आणि रेडिओ लक्झेंबर्गवरची गाणी ऐकत, साबणाच्या नि औषधांच्या जाहिरातींसकट.

रीथ यांनी १९३८ मध्ये संस्था सोडली. पुढच्याच वर्षी युद्ध आले, आणि ज्या दिवसाची गोष्ट मी सांगतो आहे तो दिवस या युद्धाने घडवला.

१ सप्टेंबर १९३९ रोजी सगळी केंद्रे एकत्र करून 'होम सर्व्हिस' ही एकच वाहिनी ठेवण्यात आली. हवामानाचे अंदाज थांबले, कारण ते शत्रूच्या वैमानिकांच्या कामाचे. जानेवारी १९४० मध्ये फ्रान्समधल्या छावण्यांत कंटाळलेल्या सैनिकांसाठी हलकी 'फोर्सेस प्रोग्रॅम' ही वाहिनी निघाली. सैनिकांपेक्षा घरातली माणसेच ती जास्त ऐकू लागली. कारखाने दिवसरात्र चालू, बायका यंत्रांवर, मुले गावाकडे, रात्री दिवे बंद. अशा विस्कटलेल्या जगण्याला वेळापत्रक हवे होते, आणि ते नभोवाणीने पुरवले. नऊच्या बातम्या म्हणजे नऊच्याच. शत्रूने आपल्या आवाजाची नक्कल करून खोट्या बातम्या पसरवू नयेत म्हणून १९४० पासून वृत्तनिवेदक आपले नाव सांगू लागले. १५ ऑक्टोबर १९४० च्या रात्री ब्रॉडकास्टिंग हाउस या संस्थेच्या लंडनमधल्या मुख्यालयावर पडलेला बॉम्ब नऊच्या बातम्या चालू असताना फुटला. संस्थेची सात माणसे मेली. ब्रूस बेलफ्रेज बातम्या वाचत होते. श्रोत्यांना एक दबका धक्का ऐकू आला, क्षणभर शांतता, आणि अंगावर धूळ पडलेल्या बेलफ्रेजांनी पुढचे वाक्य वाचले. वेळ पाळणे म्हणजे काय, याचा याहून मोठा धडा कोणत्याही संस्थेला देता येणार नाही.

आता १९५१ कडे येऊ. युद्ध संपून सहा वर्षे झाली होती, तरी मांस, साखर, गोड खाऊ अजून शिधापत्रिकेवरच होते. दूरचित्रवाणी थोड्यांच्या घरी. नभोवाणीचे परवाने मात्र एक कोटी वीस लाखांच्या घरात. वाहिन्या तीन झाल्या होत्या. घराघरांतल्या सर्वसामान्य श्रोत्यांसाठी होम सर्व्हिस, करमणुकीसाठी २९ जुलै १९४५ पासूनचा 'लाइट प्रोग्रॅम', आणि २९ सप्टेंबर १९४६ पासून अभिजात संगीत, नाटक नि विचार यांसाठी 'थर्ड प्रोग्रॅम'.

दिवस उजाडतो तो सहा ठोक्यांनी. ग्रिनिचच्या वेधशाळेने पाठवलेले हे टिप-टिप ठोके ५ फेब्रुवारी १९२४ पासून ऐकू येऊ लागले. रीथ आणि राजखगोलशास्त्रज्ञ फ्रँक डायसन यांनी मिळून ही सोय केली. त्याआधी गावोगावची घड्याळे थोडी पुढे, थोडी मागे चालत. आता स्वयंपाकघरातला माणूस चहाचे भांडे खाली ठेवून घड्याळाचा काटा सरकवू लागला. बातम्या, मग हवामान, मग पाच मिनिटांचे प्रार्थनापर चिंतन. माणसे याच्यावरच घराबाहेर पडण्याची वेळ ठरवीत. चिंतन संपले म्हणजे मुलांनी बूट घातलेले असले पाहिजेत, अशी घरोघरची पद्धत.

आठच्या बातम्यांनंतरची पाच मिनिटे युद्धकाळात 'किचन फ्रंट'ची असत. अन्नखात्याच्या मदतीने शिध्यातल्या जिनसांतून काय रांधावे ते तिथे सांगितले जाई. या कार्यक्रमात शाकाहारी भारतीय स्वयंपाकाविषयी बोलणारा एक आवाज मराठी बाईचा होता. वेणू चितळे. कोल्हापूरकडची ही मुलगी पुण्याच्या हुजूरपागेत शिकली, तिशीच्या दशकात शिक्षणासाठी इंग्लंडला गेली आणि १९४० मध्ये बीबीसीत रुजू झाली. पूर्वेकडच्या प्रसारण विभागात त्या जॉर्ज ऑर्वेल यांच्या साहाय्यक होत्या. ऑर्वेल ऑगस्ट १९४१ ते नोव्हेंबर १९४३ या काळात तिथे भारतासाठीच्या भाषणांचे निर्माते होते. युद्धाच्या घडामोडींवरची वार्तापत्रे ते इंग्रजीत लिहीत, आणि त्यांची भारतीय भाषांतली रूपे प्रसारित होत. त्यांत मराठीही होती. १९४२ च्या 'व्हॉइस' या काव्यविषयक कार्यक्रमाचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. टी. एस. एलियट, मुल्कराज आनंद, ऊना मार्सन, विल्यम एम्पसन, ऑर्वेल अशी मंडळी ध्वनिक्षेपकाभोवती दाटीवाटीने जमली आहेत, आणि त्यांच्यात साडीतल्या वेणू चितळे. पुढे त्यांनी 'इन ट्रान्झिट' ही इंग्रजी कादंबरी लिहिली. ती १९५० मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाली. मराठी वाचकांनी हे नाव अधिक जवळ करायला हवे होते.

सकाळी नऊनंतर लाइट प्रोग्रॅमवर 'हाउसवाइव्ह्ज चॉइस', म्हणजे घरातल्या बायकांच्या फर्माईशीची गाणी. सव्वादहाला होम सर्व्हिसवर 'डेली सर्व्हिस', म्हणजे रोजची प्रार्थनासभा. ती १९२८ च्या जानेवारीत सुरू झाली, आणि सुरू होण्याचे कारण लंडनजवळच्या बुशी गावातल्या एका बाईंचा हट्ट. आजारी आणि एकट्या माणसांसाठी रोज थोडी प्रार्थना ऐकवा, असा लकडा त्यांनी संस्थेच्या आणि वर्तमानपत्रांच्या मागे लावला. एका श्रोत्याच्या पत्राने इतकी टिकाऊ गोष्ट उभी राहिल्याचे दुसरे उदाहरण मला ठाऊक नाही.

साडेदहाला 'म्युझिक व्हाइल यू वर्क'. हा कार्यक्रम २३ जून १९४० रोजी सुरू झाला. त्याच्यामागचे गणित सरळ होते. एकच काम तासन्‌तास करणाऱ्या हातांचा वेग सकाळी मध्यावर आणि दुपारनंतर मंदावतो, आणि नेमक्या त्या वेळी अर्धा तास अखंड, ठेका धरणारे संगीत दिले तर तो पुन्हा वाढतो. म्हणून मध्ये निवेदन नाही, संथ चाल नाही, यंत्रांच्या घरघरीत हरवून जाईल असे हळुवार वाद्य नाही. ढोलाचे जोरकस ठोके वर्ज्य. टाळ्या वाजवायला लावणारे 'डीप इन द हार्ट ऑफ टेक्सस' हे लोकप्रिय अमेरिकन गाणे तर बादच, कारण कामगार हातातली हत्यारे आपटून ताल धरू लागले तर काम थांबणार. ऐकता ऐकता काम करू नये असे सांगणाऱ्या रीथ यांच्या संस्थेने ते गेल्यावर अवघ्या दोन वर्षांत हा खास काम करता करता ऐकण्याचा कार्यक्रम काढला, हे मला तिच्या इतिहासातले सर्वांत शहाणपणाचे वळण वाटते. ऐकणारा कसा जगतो ते तिने पाहिले आणि स्वतःचा नियम मोडला. एरिक कोट्स यांनी रचलेली 'कॉलिंग ऑल वर्कर्स' ही त्याची सुरावट ऐकली की आजही त्या पिढीतल्या माणसांचे पाऊल आपोआप उचलते.

त्याच कोट्स यांच्या 'बाय द स्लीपी लगून' या रचनेने सुरू होणारा 'डेझर्ट आयलंड डिस्क्स' जानेवारी १९४२ मधला. निर्जन बेटावर अडकलात तर कोणत्या आठ तबकड्या बरोबर न्याल, हा रॉय प्लॉम्ली यांचा प्रश्न. बॉम्बहल्ल्यांच्या दिवसांत असा प्रश्न सुचणे आणि संस्थेने तो लगेच उचलणे, दोन्हींचे कौतुक वाटते.

अकराच्या सुमारास शाळांच्या वर्गात लाकडी खोक्यातला ध्वनिवर्धक बोलू लागे. शालेय प्रसारण १९२४ पासूनचे. छापील पुस्तिका शाळांना आधीच पाठवलेल्या असत, आणि सोमवारी सकाळी 'सिंगिंग टुगेदर'च्या वेळी देशभरच्या वर्गांतली मुले एकाच वेळी तेच लोकगीत म्हणत. एक शिक्षक लंडनमध्ये आणि वर्ग सगळ्या देशभर. खेड्यातल्या दोन शिक्षकी शाळेला संगीताचा असा गुरू एरवी कुठून मिळणार होता? दुपारी जेवणाच्या सुट्टीत काही दिवशी 'वर्कर्स प्लेटाइम' असे. मे १९४१ पासून विनोदी नट आणि गायक गाडीत पियानो घालून कारखान्यांच्या उपाहारगृहांत जात आणि तिथूनच प्रसारण होई. युद्धाच्या काळात कारखान्याचे नाव सांगत नसत, 'ब्रिटनमधल्या कुठल्याशा कारखान्यातून' एवढेच.

पावणेदोनला सगळ्या दिवसातले सर्वांत मऊ पाव तास. 'लिसन विथ मदर' १६ जानेवारी १९५० रोजी सुरू झाले. पाच वर्षांखालच्या मुलांसाठी पंधरा मिनिटे गोष्ट, बडबडगीत, आणि संगीतकार फोरे यांच्या 'डॉली' संचातली पियानोवरची अंगाई. गोष्ट सांगणारी बाई आधी विचारत असे की तुम्ही नीट बसला आहात ना. आणि लगेच सुरुवात न करता थोडी थांबत असे, मुलांच्या उत्तरासाठी. त्या छोट्या विरामात सगळे कसब आहे. गोष्ट संपून मूल पेंगुळले की दोन वाजता आईसाठी 'वूमन्स अवर'.

'वूमन्स अवर' ७ ऑक्टोबर १९४६ पासूनचे. बायकांच्या या कार्यक्रमाचे पहिले निवेदक होते ॲलन आयव्हिमी, एक पुरुष. पहिल्या दिवशी दुपारच्या जेवणावर आणि चेहऱ्याच्या निगेवर माहिती होती, शिवाय एका कादंबरीचे क्रमशः वाचन. श्रोत्या बायकांनी पत्रे लिहून नापसंती कळवली आणि काही महिन्यांत निवेदिका आली. मग विषयही बदलले. ऋतुनिवृत्तीसारखा विषय चाळिशीच्या दशकाच्या शेवटी तिथे मोकळेपणी बोलला गेला, संस्थेतल्याच एका अधिकाऱ्याला तो ऐकून कसेसे झाले तरीही. नवरा कामावर, मोठी मुले शाळेत, लहान झोपलेले. घरात बाई एकटी. तिला त्या तासात जे सांगता आले ते चर्चमध्ये, दुकानात किंवा सासरी सांगता येत नव्हते.

चारला 'मिसेस डेल्स डायरी'. लंडनच्या उपनगरातल्या एका डॉक्टरांच्या बायकोची रोजनिशी, ५ जानेवारी १९४८ पासून. नवरा जिम याच्याबद्दलची तिची काळजी देशभर थट्टेचा विषय झाली, पण थट्टा करणारेही रोज ऐकत होते. हुकला तर दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला पुन्हा लागे. पाचला 'चिल्ड्रन्स अवर', जो संस्थेइतकाच जुना. डेरेक मॅक्युलॉक म्हणजे मुलांचे 'अंकल मॅक' त्याचा प्राण होते. सहाला पुन्हा सहा ठोके, बातम्या, आणि वडील घरी.

पावणेसातला 'द आर्चर्स'. याच्या जन्माची गोष्ट थोडी सविस्तर सांगायलाच हवी. युद्धोत्तर ब्रिटनला अन्नधान्य वाढवायचे होते. नवी बियाणी, नवी खते, जनावरांचे रोग यांची माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवायची होती, आणि शेतीची भाषणे कोणी ऐकत नव्हते. बर्मिंगहॅम केंद्राचे गॉडफ्री बेझली यांनी १९४८ मध्ये शेतकऱ्यांचीच बैठक घेतली. त्या वेळी पावणेसातला 'डिक बार्टन' या गुप्तहेराची थरारक मालिका लागत असे आणि तिचे श्रोते दीड कोटीपर्यंत गेले होते. बैठकीत लिंकनशरच्या एका शेतकऱ्याने उठून सांगितले की आम्हाला हवा आहे तो शेतीतला डिक बार्टन. बेझली यांनी ॲम्ब्रिज हे गाव कल्पिले, डॅन आणि डॉरिस आर्चर यांचे कुटुंब वसवले आणि कृषिखात्याच्या सल्लागारांशी सांधा जुळवून गोष्टीतून शेती सांगायला सुरुवात केली. १९५० मध्ये एका आठवड्याची चाचणी झाली, १ जानेवारी १९५१ पासून मालिका देशभर ऐकू येऊ लागली, आणि वसंतात डिक बार्टनचीच वेळ तिला मिळाली. २२ सप्टेंबर १९५५ रोजी तबेल्याला लागलेल्या आगीत ग्रेस आर्चर मेली तेव्हा देश खरोखर रडला. ती संध्याकाळ व्यापारी दूरचित्रवाणीच्या पहिल्या प्रसारणाची होती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मथळे ग्रेसला मिळाले.

रात्रीच्या कार्यक्रमांत त्याच १९५१ मध्ये, २८ मे रोजी एक नवे वारे शिरले. 'गून शो'. त्याचे मुख्य लेखक स्पाइक मिलिगन हे १६ एप्रिल १९१८ रोजी आपल्या अहमदनगरला जन्मले, आजच्या अहिल्यानगरला. वडील लष्करात होते, आणि स्पाइक यांचे बालपण पुण्याच्या छावणीत आणि रंगूनला गेले. ब्रिटिश विनोदाला उलटा-पालटा करून टाकणारा हा माणूस मराठी मुलखातल्या उन्हात वाढलेला, याचे मला फार अप्रूप आहे. असाच दुसरा धागा मुंबईत जन्मलेल्या किपलिंग यांचा. १९३२ च्या नाताळात पाचव्या जॉर्जनी नभोवाणीवरून साम्राज्याला उद्देशून पहिले भाषण केले, ते किपलिंग यांनी लिहून दिले होते.

संध्याकाळी सहापासून मध्यरात्रीपर्यंत थर्ड प्रोग्रॅम. इथे घड्याळाला मान नव्हता. नाटक चार तासांचे असेल तर चार तास. १९५४ च्या जानेवारीत डिलन टॉमस यांची 'अंडर मिल्क वुड' ही श्रुतिका डग्लस क्लेव्हर्डन यांनी याच वाहिनीवर सादर केली आणि रिचर्ड बर्टन यांच्या आवाजात ती अजरामर झाली. कवी स्वतः दोन महिन्यांपूर्वीच वारला होता.

नऊला बिग बेनचे टोल आणि बातम्या. युद्धात, नोव्हेंबर १९४० पासून, या टोलांचे मिनिट मौन प्रार्थनेसाठी राखले गेले होते, ती आठवण १९५१ मध्ये ताजी होती. अकराला लाइट प्रोग्रॅमवर 'बुक ॲट बेडटाइम'. आणि पंधराशे मीटरच्या त्याच दीर्घ लहरींवर जहाजांसाठी हवामानाचा अंदाज. डॉगर, थेम्स, वाइट, हेब्रिडीज. समुद्रावर नसलेल्या माणसांनाही ही नावे नामजपासारखी पाठ झाली होती. उबदार पांघरुणात पडून ऐकणाऱ्याला कळत असे की या क्षणी कोणीतरी वादळात आहे, आणि संस्था त्याच्याशीही बोलते आहे.

हा दिवस मोडला तर काय वाटते, ते ६ फेब्रुवारी १९५२ ला लोकांनी अनुभवले. सव्वाअकराला निवेदक जॉन स्नॅग यांनी सहाव्या जॉर्ज यांच्या निधनाची बातमी सांगितली आणि नंतर सगळे कार्यक्रम थांबले. बातम्या, हवामान आणि जहाजांसाठीचे इशारे तेवढे उरले.

महासंचालक विल्यम हेली यांनी तीन वाहिन्या केल्या त्या एका सुंदर आशेने. संस्कृतीचा एक मनोरा आहे, खाली लाइट, मध्ये होम, वर थर्ड, आणि श्रोता हळूहळू वर चढत जाईल. तसे फार थोडे चढले. रॉबर्ट सिल्व्ही यांचा श्रोतृसंशोधन विभाग १९३९ पासून रोज लोकांना विचारत असे की काल काय ऐकलेत, आणि थर्डच्या वाट्याला येणारा हिस्सा नेहमी नगण्य असे. माझे स्पष्ट मत असे की चूक श्रोत्यांची नव्हती. बीथोव्हेन चुकून कानावर पडण्याची जी सोय जुन्या मिसळीत होती, ती वेगळ्या वाहिनीने काढून घेतली. ज्याला आधीच गोडी होती त्याला भरपूर मिळाले, ज्याला लागली असती त्याच्या वाटेतून ते दूर झाले. १९५७ मध्ये थर्डचे तास कापले तेव्हा एलियट आणि संगीतकार वॉन विल्यम्स यांच्यासारखे लोक निषेधाला उभे राहिले. पण तोवर वारे फिरले होते. १९५८ मध्ये नुसत्या नभोवाणीच्या परवान्यांपेक्षा दूरचित्रवाणीसह घेतलेले परवाने जास्त झाले. 'चिल्ड्रन्स अवर' आणि 'वर्कर्स प्लेटाइम' १९६४ मध्ये, 'म्युझिक व्हाइल यू वर्क' १९६७ मध्ये, मिसेस डेल १९६९ मध्ये बंद. ३० सप्टेंबर १९६७ रोजी जुन्या नावांच्या जागी रेडिओ वन, टू, थ्री, फोर असे आकडे आले.

आपल्याकडे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी उघडले, बीबीसीच्या सनदेनंतर सातव्या महिन्यात. १९३५ मध्ये बीबीसीतले लायनेल फील्डन भारताचे पहिले प्रसारण-नियंत्रक म्हणून आले आणि पुढच्या वर्षी 'ऑल इंडिया रेडिओ' हे नाव रूढ झाले. 'कामगार सभा', 'वनिता मंडळ', 'गंमत जंमत' ऐकत वाढलेल्या, टेकाडे भावजींच्या 'पुन्हा प्रपंच'साठी थांबलेल्या मराठी माणसाला लंडनचा तो दिवस परका वाटणार नाही. पु. ल. देशपांडे आकाशवाणीतून दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी बीबीसीत गेले, आणि त्या प्रवासातून आपल्याला 'अपूर्वाई' मिळाले.

'वूमन्स अवर', 'डेझर्ट आयलंड डिस्क्स', 'द आर्चर्स', बुशीच्या बाईंची प्रार्थनासभा आणि ते सहा ठोके अजून चालू आहेत. पण त्या काळातले बहुतेक प्रसारण थेट होई आणि हवेत विरून जाई. ऑर्वेल दोन वर्षांहून अधिक काळ बीबीसीत होते, अनेकदा स्वतः बोलले, तरी त्यांच्या आवाजाचे एकही ध्वनिमुद्रण उरलेले नाही. १९४२ मध्ये सुरू झालेली लंडनची मराठी प्रसारणे १९५८ मध्ये थांबली आणि मराठी सेवा पुन्हा सुरू व्हायला २०१७ उजाडले. त्या सोळा वर्षांत तिथून मराठीत बोललेल्या माणसांची पत्रे, हस्तलिखिते, छायाचित्रे कोणाच्या घरातल्या ट्रंकेत असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नका. त्यांच्या प्रती गावातल्या जुन्या ग्रंथालयात द्या, आणि मागे कोण, कुठे, कधी एवढे तरी लिहून ठेवा.